नांगराचा बैल, शर्यतीचा बैल

नागाव, चौल, रेवदंडा या आमच्या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचं वेड जुनं आहे. ओहोटीला पुळण कडक झाली की गाड्या सुटायच्या आणि गाव किनाऱ्यावर लोटायचा. २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली, आणि वेड जसंच्या तसं परत आलं. माझे आजोबा शर्यतीचे बैल पाळायचे. दावणीला चार बैल असत, दोन नांगराचे आणि दोन शर्यतीचे. शर्यतीच्या बैलाच्या मानेवर त्यांनी कधी नांगराचं जू ठेवलं नाही आणि नांगराच्या बैलाला कधी पुळणीवर पळवलं नाही. "दावण एक चालते, जू एक चालत नाही," असं ते म्हणायचे.

त्यांचं हे बोलणं मला पटायला पाच वर्षं लागली. २०१५ मध्ये आम्ही वाडीच्या कामासाठी डबल कॅबिनची फोर बाय फोर पिकअप घेतली. पुढच्याच पावसाळ्यात मी गोव्याला रेनफॉरेस्ट चॅलेंज बघायला गेलो. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात आली. चिखलातून आणि दगडांवरून गाड्या एकेक इंच चढताना पाहिल्या आणि ते मनातून गेलं नाही. दगडांवरून चालायचं तर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. हाताशी असलेली पिकअप बदलत न्यायची, किंवा त्याच कामासाठी एक वेगळी गाडी उभी करायची. मी आधी पहिली वाट धरली, मग दुसरी. दोन्ही वाटांवर पैसे, वेळ आणि हाडं झिजवून जे हाती आलं ते इथे मांडतो.

१. पहिला प्रश्न गाडीचा नाही, घराचा आहे

मार्च २०२० मध्ये मी पिकअपचा पुढचा एक्सल उघडला. डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर बसवायचा होता. गॅरेजच्या मिस्त्रीकाकांनी आठ दिवस सांगितले होते आणि काही भाग पुण्याहून यायचे होते. २५ मार्चला देश बंद झाला. गॅरेज बंद, कुरिअर बंद, आणि पिकअप चार लाकडी ठोकळ्यांवर उभी.

३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. आमच्या वाडीतल्या पोफळी डोळ्यांदेखत मोडल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे त्या दोन तासांत आमची पुढची सहा वर्षं गेली. रस्त्यांवर आंबे, नारळ, विजेचे खांब आडवे पडले होते. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही.

त्या दिवसांत शेजारच्या काकांची साधी, मागच्याच चाकांवर चालणारी पिकअप पिण्याचं पाणी आणत होती, पत्रे आणत होती, आजारी माणसांना अलिबागला नेत होती. माझ्या गाडीला विंच होता, मोठे टायर होते, चारही चाकांना जोर होता आणि ती ठोकळ्यांवर होती. आई विहिरीवरून कळश्या आणत होती. ती मला काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून मी गाडीबद्दलचा पहिला प्रश्न बदलला. ही गाडी किती चढेल, हे नंतर बघता येतं. ही गाडी उद्या सकाळी निघाली नाही तर कुणाचं काम अडेल, हे आधी बघावं लागतं. अडणारं माणूस डोळ्यांसमोर आलं, तर त्या गाडीचा एक्सल हौसेसाठी उघडू नये.

२. गाडीची लांबी कुठल्याच किटने बदलत नाही

पिकअपला हौदा असतो आणि हौद्यासाठी लांबी लागते. डबल कॅबिनच्या पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण तीन मीटर असतं. टोयोटा हायलक्सचं ३०८५ मिलिमीटर आहे, इसुझू व्ही-क्रॉसचं ३०९५. जुन्या आखूड सीजे थ्रीबी जीपचं हेच अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर आहे. २०२० च्या थारचं २४५० आहे.

एका मीटरच्या या फरकाने काय होतं ते दगडावर कळतं. पुढची चाकं धोंडा ओलांडून गेली की पोट धोंड्यावर येतं. पोटाखाली दोन्ही गाड्यांना सव्वादोनशे मिलिमीटर जागा आहे असं धरा आणि टायरचा आकार सोडून ढोबळ हिशेब करा. तीन मीटरच्या गाडीला साधारण सतरा अंशांचा उंचवटा पोट न टेकता पार करता येतो, दोन मीटरच्या गाडीला पंचवीस अंशांचा. पिकअपला तेवढ्यावर आणायचं तर तिला इतकं उंच करावं लागतं की ती वळणावर भरवशाची राहत नाही.

शिवाय मागच्या चाकांच्या मागे हौद्याचं शेपूट उरतं. ओढ्यातून वर चढताना माझा फाळका आणि मागचा बंपर दर खेपेला दगडाला लागायचा. दोन वर्षांत तीनदा फाळका ठोकून सरळ केला. चौथ्यांदा तो लागेना आणि सुपारीची पोती भर रस्त्यात घसरायला लागली, तेव्हा कळलं की ही चूक चालवण्याची नव्हती. लांब गाडीकडून मी आखूड गाडीचं काम मागत होतो.

३. एक टायर मोठा केला की पंधरा गोष्टी मोठ्या कराव्या लागतात

सगळे टायरपासून सुरुवात करतात, मीही केली. २८ इंचांचे काढून ३२ इंचांचे घातले. डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून उचलायचा एकच सोपा उपाय टायर मोठा करणं हा आहे. पाटे बदलून चासी वर जाते, एक्सल मात्र तिथेच राहतो. पण टायर चार इंचांनी वाढला तर एक्सल दोनच इंच वर येतो. त्या दोन इंचांची किंमत पुढे मोजावी लागते.

टायर मडगार्डच्या पत्र्याला घासतो म्हणून पाटे उंच करा. पाटे उंच केले की प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस लवकर जातात. चाक जड झालं की ब्रेकला गाडी उशिरा थांबते. टायरचा घेर सुमारे चौदा टक्के वाढला की काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी सत्तावन्नवर असते. इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून पहिला गिअर दुसऱ्यासारखा वाटायला लागतो. आणि सगळ्यात शेवटी, दोन दगडांत चाक अडकलं असताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि मूळ मापाच्या टायरसाठी बनवलेला पुढचा एक्सल क्रॉसमध्ये तुटतो. माझा दोनदा तुटला.

उंच झालेली गाडी हौदा भरल्यावर कशी चालते, हे मला कार्लेखिंडीच्या वळणावर समजलं. तीच पोती, तेच वळण, तोच वेग. पण या वेळी गाडी बाहेरच्या अंगाला अशी झुकली की शेजारी बसलेल्या वडिलांनी हँडल पकडलं. त्यांनी चाळीस वर्षं ट्रक चालवलेत. घरी आल्यावर म्हणाले, "ही गाडी आता माल वाहायची राहिली नाही." ते खरं होतं.

४. वही घाला, आणि वहीत सगळं लिहा

पिकअप बदलण्याच्या बाजूने सगळ्यांचा एकच मुद्दा असतो. गाडी तर घरात आहे, थोडे पैसे घातले की झालं. मीही हेच म्हणत होतो. मग एका रात्री सगळ्या पावत्या काढून वहीत उतरवल्या. पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर ६५ हजार. स्टेपनीसकट पाच टायर ९० हजार. विंच ६० हजार. लोखंडी बंपर आणि बाजूच्या पट्ट्या ४५ हजार. लॉकर ८५ हजार. तुटलेले एक्सल, क्रॉस, बेअरिंग आणि मजुरी ७० हजार. बेरीज ४ लाख १५ हजार झाली, आणि गाडी ना धड मालाची राहिली होती, ना धड दगडाची झाली होती.

पुढे वेगळी गाडी उभी केली तिला जुन्या जीपसकट, विंच सोडून, ६ लाख १० हजार लागले. अंतर होतं, पण जेवढं मी मनात धरून बसलो होतो तेवढं नव्हतं. आणि हा हिशेबसुद्धा अपुरा आहे, कारण पिकअप गॅरेजमध्ये असताना भाड्याने टेम्पो करून जो माल पाठवला त्याचे पैसे पहिल्या यादीत नाहीत. तेही लिहिले तर फरक आणखी कमी होतो. हिशेब करताना खर्च झालेलं लिहिणं सोपं असतं, अडलेलं काम लिहिणं अवघड असतं. पण निर्णय त्यावरच ठरतो.

५. दगडावर ताकद लागत नाही, सावकाशपणा लागतो

नव्या पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज इंजिनाबद्दल असतो. दगडावर गाडी घोड्यांच्या ताकदीवर चढत नाही, ती गिअरवर चढते. हिशेब सोपा आहे. पहिल्या गिअरचं प्रमाण, ट्रान्सफर केसमधल्या लोचं प्रमाण आणि डिफरन्शिअलचं प्रमाण, या तिघांचा गुणाकार करायचा. पहिला गिअर ४, लो अडीच आणि डिफरन्शिअल ४ असेल तर गुणाकार ४० येतो. म्हणजे इंजिनाचे ४० फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. मोठे टायर घातले की हा आकडा नुसता कागदावर ४० राहतो, चाकाखाली तो ३५ चं काम करतो.

माझ्या जुन्या जीपच्या एक्सलमध्ये ५.३८ चं प्रमाण मिळालं, लो २.४६ होतं, आणि चार गिअरचा असा गिअरबॉक्स बसवला की पहिला गिअर ४ च्या आसपास आहे. गुणाकार ५३ झाला. अमेरिकेत मिळणाऱ्या मॅन्युअल गिअरच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये हाच आकडा ८४ च्या वर जातो, म्हणून ती गाडी कारखान्यातून निघते तीच दगडासाठी तयार होऊन. ५३ ला माझी जीप माणसाच्या चालीपेक्षा हळू चालते. क्लच न दाबता, ब्रेक न मारता ती धोंड्याला टायर लावते, थोडी थांबल्यासारखी होते आणि चढते. उतारावर हेच प्रमाण तिला धरून ठेवतं. पिकअपमध्ये मी जिथे क्लच जाळत होतो, तिथे या जीपमध्ये पाय नुसता टेकवून बसतो. पैसे मोजकेच असतील तर ते इंजिनावर घालू नका, या गुणाकारावर घाला.

६. आपला कातळ मोआबचा नाही

दगडावर गाड्या चढवण्याची जी चित्रं आपण बघतो त्यातली बरीचशी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोआबची असतात. तिथे १९६७ पासून दरवर्षी ईस्टरला जीपवाले जमतात. तो वालुकाश्म आहे. कोरडा, खरखरीत, पॉलिश पेपरसारखा. टायर त्याला धरतो, म्हणून तिथल्या गाड्या भिंतीसारख्या चढावर जातात.

आपल्याकडे ओढ्यात सापडतो तो सह्याद्रीचा काळा कातळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्याच्यावरून वाहतो, त्याने धोंडे गोल आणि गुळगुळीत झालेले असतात. दिवाळीपर्यंत त्यावर शेवाळ असतं. पठारावर जांभा लागतो, तो टायर धरतो पण कडेला ढासळतो. म्हणून तिथली गाडी बघून इथे तशीच बांधू नये. इथे उंचीपेक्षा टायरची मऊ पकड आणि त्यातली हवा महत्त्वाची आहे. रस्त्यावर ३५ ठेवतो ती हवा मी दगडावर १८ पर्यंत उतरवतो. टायर पसरतो आणि दगडाच्या अंगावर बसतो. साध्या रिंगवर १५ च्या खाली मात्र जाऊ नये, टायर रिंग सोडतो. आणि हंगाम फेब्रुवारी ते मे हाच धरावा. पावसाळ्यात ओढ्याला अचानक येणारं पाणी डोंगरात कुठे पडलेल्या पावसाचं आहे, हे खाली उभ्या माणसाला कळत नाही.

७. पिकअपला खरंच जे लागतं ते थोडं असतं

२०२१ च्या सुरुवातीला मी पिकअप पुन्हा मूळ उंचीवर आणली. पुढचा लॉकर काढला, लोखंडी बंपर उतरवले, कंपनीच्या मापाचे पण जाड गुट्ट्यांचे टायर घातले. इंजिनाखाली जाड पत्र्याचं संरक्षण ठेवलं. चासीला पुढे-मागे पक्के हुक, हवा भरायचा छोटा पंप, दोन शॅकल, ओढायचा पट्टा, फावडं आणि दोन फळ्या. एवढंच.

त्याच वर्षी २२ जुलैला महाडला पूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही पिण्याचं पाणी, चटया आणि शिधा घेऊन गेलो. रस्त्यावर घोटाभर गाळ होता, दुकानांतला माल बाहेर कुजत होता. हौद्यात भरपूर वजन होतं आणि गाडी एकदाही अडली नाही. परत येताना गाळात रुतलेले दोन टेम्पो आम्ही ओढून काढले. त्या दिवशी जे उपयोगी पडलं त्यातलं काहीच महाग नव्हतं. कामाच्या पिकअपमध्ये बदल करायचा तर एकच कसोटी लावा. या बदलामुळे हौद्यातला एक किलोसुद्धा माल कमी करावा लागणार असेल, तर तो बदल त्या गाडीचा नाही.

८. वेगळी गाडी म्हणजे वेगळी जबाबदारी, आणि पहिली जबाबदारी कायद्याची

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेल्या मापांपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचा आदेश काढला. बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्या जखमी माणसाचं देणं मालकाच्या घरावर येऊ शकतं.

म्हणून पिकअप बदलत नेणाऱ्याने हे समजून घ्यावं की ती गाडी रोज रस्त्यावर असते आणि रोज हा धोका घेते. माझी जीप सार्वजनिक रस्त्यावर येतच नाही. लांब जायचं तर भाड्याचा ट्रक करतो, शेताच्या बांधावरून तिला हौद्यात चढवतो आणि चारही चाकांना पट्टे बांधतो. तिला ठेवायला छप्पर लागतं, तिच्यासाठी दिवस काढावा लागतो. ज्याच्याकडे ही जागा आणि हा वेळ नाही, त्याने ती बांधू नये. आणि कागदांबद्दल शंका असेल तर पत्र्याला कटर लावायच्या आधी पेणच्या आरटीओत जाऊन विचारावं, नंतर नाही.

९. पिंजरा आणि दोर यांत काटकसर म्हणजे जिवाशी काटकसर

जीपवर पिंजरा बांधायला निघालो तेव्हा एका ओळखीच्या वेल्डिंगवाल्याने पाण्याचे जीआय पाईप सुचवले. निम्म्या पैशात काम होत होतं. मिस्त्रीकाकांनी ते होऊ दिलं नाही, आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पाण्याचा पाईप पाणी वाहायला बनवलेला असतो. गाडी उलटल्यावर तो चेपतो किंवा सांध्यात फुटतो. शिवाय त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याला तापाने झोपवतो. पिंजऱ्याला सीमलेस पोलादी पाईपच हवा, तो पत्र्यावर न ठेवता चासीवर टेकलेला हवा, आणि त्याच्या जोडीला माणसाला सीटला धरून ठेवणारा पट्टा हवा. जीप एकदा कुशीवर पडली. आम्ही दोघं आत होतो, दोघंही चालत बाहेर आलो.

दुसरी गोष्ट दोराची. किनाऱ्यावर होडीचे जुने नायलॉनचे दोर सहज मिळतात आणि गाडी ओढायला लोक तेच वापरतात. खारं पाणी आणि उन्हाने तो दोर आतून मेलेला असतो. तो ताणतो, ताणतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. ओढायला ओढायचाच पट्टा वापरा. विंचच्या तारेवर ओलं पोतं किंवा जाड घोंगडी टाका, म्हणजे तार तुटली तरी जमिनीवर पडेल. तारेच्या लांबीएवढ्या अंतरात कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरांना तर मुळीच नाही.

१०. खारी हवा दोन्ही गाड्या खाते, पण उघडलेली गाडी आधी खाते

घाटावरचे मित्र विचारतात की तुमच्याकडे गाड्या लवकर का सडतात. पुळणीपासून किलोमीटरभर आत राहणाऱ्या माणसाच्याही खिडकीचे गज गंजतात, तिथे गाडीचं काय. कंपनीने रंगवलेल्या पत्र्याला तुम्ही भोक पाडलंत, कंस वेल्ड केलात, की त्या जागेला खारा वारा पहिल्यांदा लागतो. माझ्या पिकअपच्या चासीवर गंज सुरू झाला तो नेमका मी केलेल्या वेल्डिंगपासून.

उपाय कष्टाचे आहेत, महागडे नाहीत. वेल्ड केलेली प्रत्येक जागा त्याच दिवशी घासून प्रायमर आणि रंग मारा. खाजणातून किंवा खाडीच्या पाण्यातून गाडी गेली तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि ग्रीस भरा. एक्सलला हवा जायची छोटी नळी असते, ती रबरी नळीने बोनटपर्यंत वर न्या. नाही तर गरम एक्सल पाण्यात थंड होताना पाणी आत ओढतो. तेल काढून बघितलं आणि ते ताकासारखं पांढरं दिसलं तर बेअरिंग जायच्या वाटेवर आहे असं समजा. चासीला जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. ते ऑइल पावसात वाडीत उतरतं आणि वाडीतून विहिरीत.

११. पुळण आणि जंगल आपल्या टायरसाठी नाही

फोर बाय फोर घेतली की पहिली इच्छा पुळणीवर न्यायची होते. काशिदला, किहीमला, अलिबागला भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्या दर मोसमात दिसतात. गाडी बुडते ते नुकसान मालकाचं. पण खाली जे चिरडतं ते त्याचं नसतं. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. खाडीपलीकडे वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने लोकांना बरोबर घेऊन कासवं वाचवायचं काम उभं केलं आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. मादी नोव्हेंबर ते मार्च या काळात येते, दीडेक फूट खोल खड्ड्यात अंडी घालते आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. टायरखाली ते घरटं दबतं. टायरची चाकोरी इतकी खोल असते की तळहातावर मावणारं पिल्लू तिच्यातून समुद्रापर्यंत पोचत नाही.

जंगलाचंही तसंच. मुरूडजवळचं फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथला ओढा कितीही मोहक असला तरी तो आपला नाही. आम्ही बंद पडलेल्या एका खाजगी दगडखाणीत आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालकीच्या ओढ्यात जातो. मालकाची लेखी परवानगी घेतो, इंजिनाखाली ऑइल गळत असेल तर गाडी उतरवत नाही आणि गुरं पाणी पितात तो डोह टाळतो. जागा मिळणार नसेल तर वेगळी गाडी बांधायचा विचार तिथेच थांबवावा.

१२. मग कुणी काय करावं

महिन्यातून एकदा डोंगरात जायचं आहे, वाट कच्ची आहे, कधी ओढा ओलांडावा लागतो, आणि गाडी आठवड्याचे सहा दिवस कामाला लागते, अशा माणसाने पिकअपच ठेवावी आणि सातव्या मुद्द्यात सांगितलं तेवढंच करावं. तेवढ्यात रायगड जिल्ह्यातल्या बहुतेक सगळ्या वाड्या-वस्त्यांपर्यंत तो पोचेल.

दगडावर चढणं हेच ज्याला करायचं आहे, ज्याच्याकडे जागा आहे, वेळ आहे, भरवशाचा मिस्त्री आहे आणि घर चालवायला दुसरी गाडी आहे, त्याने पिकअपवर एक रुपयाही घालू नये. जुनी आखूड जीप किंवा जिप्सी शोधावी, चासी सडलेली नाही याची खात्री करावी, आधी पिंजरा आणि ब्रेक करावेत, मग गिअर, मग लॉकर, आणि टायर सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात, मीही केलं होतं.

मधली वाट, म्हणजे थोडी पिकअप आणि थोडी दगडाची गाडी, मी चार वर्षं चालून बघितली. ती कुठेच पोचत नाही.

आज माझी पिकअप सकाळी सहाला नारळ भरून अलिबागच्या बाजाराला निघते. जीप छपराखाली असते आणि फेब्रुवारी ते मे चार-पाच वेळा बाहेर येते. वादळात मोडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता धरायला आली आहेत आणि त्यांची पहिली सुपारी याच पिकअपमधून जाणार आहे. तुमच्याही मनात गाडी बदलायचं असेल, तर गॅरेजमध्ये जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, ही गाडी महिनाभर उभी राहिली तर तुमचं काय अडेल? ते जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि निर्णय त्या पानावरून घ्या.